मदत हवी आहे: उपग्रहचित्रात धूर कुठला आणि धूळ कुठली?

नमस्कार मंडळी,

मी ओक्लाहोमात, टल्साला राहतो. 14 मार्च 2025 ला नेमकी धुळवड होती आणि इथे खरोखरच धूळ उडाली. पश्चिम टेक्सासकडची माती सोसाट्याच्या वाऱ्यावर आली, त्याच वाऱ्याने राज्यात 130 हून जास्त वणवे भडकले. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर पिठासारखी तपकिरी माती, आणि वास जळक्या गवताचा. लेकीला दमा आहे, म्हणून हा खटाटोप.

त्या दिवसाची गोज-16 या अमेरिकी हवामान उपग्रहाची दर 5 मिनिटांची चित्रं काढून बसलोय. जिओकलरमध्ये (दिवसा डोळ्यांना दिसतात तसे रंग दाखवणारं चित्र) धूर निळसर-राखाडी, उगमापाशी बारीक आणि पुढे पसरत जाणारा. उगम 3.9 मायक्रॉनच्या, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड चित्रात गरम ठिपका म्हणून सापडतो. धूळ मातकट, रुंद पट्ट्यांनी उठलेली. इथवर जमलं. टल्साच्या जवळपास मात्र दोन्हींची अशी खिचडी होते की काही कळत नाही.

मग डस्ट आरजीबी लावलं, म्हणजे धूळ उठून दिसावी म्हणून इन्फ्रारेडमधून रंग देऊन केलेलं चित्र. धूळ चक्क गुलालासारखी, आणि धूर गायब! धुराचे कण फार बारीक असल्याने इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ उमटतच नाहीत म्हणे. म्हणून माझा ठोकताळा: दोन्हीकडे दिसते ती धूळ, फक्त जिओकलरमध्ये दिसतो तो धूर. चालेल का? आणि अंधार पडला की जिओकलरसुद्धा इन्फ्रारेडवर जातं. वणवे तर रात्रभर जळत होते. तेव्हा धूर कसा शोधायचा?

प्रतिसाद १

ठोकताळा ठीक आहे, पण खिचडीत फसाल. गुलाबी रंग धूळ आहे एवढंच सांगतो, तिथे धूर नाही असं सांगत नाही. वर उंच ढग असतील तर दोन्ही झाकले जातात.

रात्री गरम ठिपके दिसत राहतात. ते आणि वाऱ्याची दिशा धरा, जोडीला एचआरआरआर-स्मोक या अमेरिकी संगणकीय प्रारूपाचा धुराचा अंदाज बघा. पण धूर नाकाशी आहे की दोन-तीन किलोमीटर वर, हे या चित्रांतून कळत नाही. लेकीसाठी जमिनीवरचे आकडे बघा. पीएम 2.5 आणि पीएम 10 (हवेतले अनुक्रमे 2.5 आणि 10 मायक्रॉनपर्यंतचे कण) जवळपास बरोबरीने चढले तर बहुधा धूर. पीएम 10 कित्येक पट पुढे गेला तर धूळ.

धागाकर्ता

पीएम 10 कडे मी कधी बघितलंच नव्हतं! त्या दिवसाचे तासातासाचे आकडे मिळाले तर चित्रांशेजारी लावून इथेच टाकतो.