मदत हवी आहे: रेडिओ गेल्यावरची ७ मिनिटं कधीपासून मोजायची?
मंडळी, पायलट लायसन्ससाठीचा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एअर रेग्युलेशनचा पेपर तोंडावर आलाय आणि माझी गाडी रेडिओ फेल्युअरपाशी, म्हणजे उडताना कंट्रोलशी रेडिओ संपर्क तुटण्यापाशी अडलीये. ७६०० स्क्वॉक करायचं (ट्रान्सपॉन्डरवर रेडिओ गेल्याचा कोड लावायचा), १२१.५ या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर हाक मारून बघायची, बाहेर स्वच्छ दिसत असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं, इथवर पाठ आहे. पण ढगात असलो तर कंट्रोलने शेवटचा दिलेला स्पीड आणि लेव्हल (उंची) रडार असेल तिथे ७ मिनिटं, नसेल तिथे २० मिनिटं धरायची आणि मग फ्लाइट प्लॅनप्रमाणे जायचं, तर ती ७ मिनिटं नेमकी कधीपासून हो? ७६०० लावल्यापासून, दिलेली लेव्हल गाठल्यापासून की रिपोर्टिंग पॉइंटवर (रूटवर पोझिशन कळवायची ठरलेली जागा) कॉल देता आला नाही तेव्हापासून? सर म्हणतात यातलं जे सगळ्यात शेवटी होईल ते, मित्र म्हणतो ७६०० च, बाकी सब झूठ. आणि व्हेक्टरवर (कंट्रोलने दिलेल्या दिशेवर) रूटबाहेर असतानाच रेडिओ गेला तर?

एअरलाइनवाले कोणी असाल तर अजून एक. २०१७ ला जेट एअरवेजच्या मुंबई-लंडन फ्लाइटचा जर्मनीवर संपर्क तुटला आणि लढाऊ विमानं शेजारी येऊन उभी राहिली, तसं काही वाटलं तर आधी काय करता, मागची फ्रिक्वेन्सी, एकार्स (डेटालिंकवरचे मेसेज) की सॅटकॉम (सॅटेलाइट फोन)? ७६०० लगेच लावता की थोडं थांबून? पुस्तकातल्या पानांचे फोटो नकोत प्लीज, ते ढीगभर आहेत.