जंगलातले आठ दिवस संपता संपेनात, काय करू?

टिळकवाडीचा डीएम
आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. पाचवी आवृत्ती, 2014 ची जुनी पुस्तकं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. गावातलं, तळघरातलं सगळं झकास चालतं, पण गेले तीन रविवार पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, जंगलातच अडकलीय. नकाशावर आठ दिवसांची वाट. सकाळी सर्व्हायव्हल चेक (वाट सापडते का त्याचा फासा), दुपारी एनकाउंटरचा फासा (कोण आडवं येतंय का त्याचा), रात्री पहारा, की परत सकाळ. परवा अर्धा किलो कुंदा संपला, जंगल काही संपेना. एकजण तर मोबाईलवर मॅच लावून बसला.

त्यात ड्रुइडकडं, म्हणजे रानातली जादू करणाऱ्या पात्राकडं, गुडबेरी. एका स्पेलात, म्हणजे मंत्रात, दहा बेरी, एका बेरीत एका माणसाचं दिवसाचं पोट भरतं. उपाशी मरायची भीतीच नाही. लांडगे आले की सगळे मोठमोठे स्पेल टाकून मोकळे, कारण रात्री झोपलं की सगळं परत मिळतंय. सरळ “आठ दिवसांनी पोचलात” म्हणून टाकू का?

फासेवाला
टाक की. आम्ही तेच करतो.

जांबोटी रोड
टाकू नकोस. मग ज्यानं हौसेनं रेंजर, म्हणजे रानातल्या वाटाड्याचं पात्र, घेतलाय त्या पोरानं काय करायचं?

तू त्यांना फासे टाकायला लावतोस, पण ठरवायला काही देत नाहीस. एकच वाट, आठ दिवस. मोबाईल काढणार नाहीत तर काय.

मी दूध संकलनाच्या गाडीवर असतो, खानापूर-जांबोटी रोजचं. सातवीत असताना मामाबरोबर कणकुंबीच्या वरच्या रानात गेलेलो, जुलैत. धुकं एवढं की पुढं चाललेल्या मामाचं इरलं दिसेना. वाट चुकली. एक ओढा लागला, तसं मी म्हटलं, ह्याच्या कडेनं खाली जाऊया, कुठलं तरी गाव लागंलच. मामा दगडावर बसला. मीठ-तंबाखूची पुरचुंडी काढून पायाच्या जळवा सोडवल्या, मग एक वाळकं पान पाण्यात सोडलं. पान वाऱ्याच्या तोंडाला गेलं. पावसाळी वारा पश्चिमेचा. मामा म्हणाला, “हे पाणी गोव्याला चाललंय. ह्याच्या मागनं गेलास तर घाट उतरशील. परत वर कोण आणणार तुला?”

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. म्हादई पण आपल्याच खानापूर तालुक्यातली, पण ती पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. एका रानातलं पाणी दोन समुद्रांना. हे मी जसंच्या तसं माझ्या नकाशात घातलंय. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डोंगराची धार, दोन ओढे आणि एक पडका बुरूज, बस्स. रस्ता काढतच नाही. धारेवरनं गेलात तर दिशा चुकत नाही, पण पाणी नाही आणि तुम्ही लांबनं दिसता. ओढ्यानं गेलात तर पाणी मुबलक, झाडीची आड, पण उतरणार कुठल्या बाजूला?

आता पाण्याचा हिशेब कर. नियमात माणशी दिवसाला एक गॅलन, कडक उन्हात दोन. कातडी पिशवीत मावतं अर्धा गॅलन. म्हणजे उन्हाळ्यात धारेवर माणशी रोज चार पिशव्या. ड्रुइड स्पेलनं पाणी काढील म्हणशील. काढू दे, तेवढा एक स्पेल खर्ची पडला ना.

आणि आठ दिवसांचे आठ तुकडे करू नकोस. साध्या चालीनं दिवसाला 24 मैल, म्हणजे साधारण 38 किलोमीटर. बेळगाव ते खानापूर 26, त्याच्याही पुढं झालं. अवघड रानात त्याचं निम्मं. एवढ्या चालण्यात सांगण्यासारखं रोज काय घडणार? मी तीनच तुकडे करतो, प्रत्येकात एक पेच. मधले दिवस दोन वाक्यांत.

गवा आणायचा तर एकदम समोर आणू नकोस. आधी वाटेत शेण, अजून वाफ येतेय असं. मग उजवीकडचा बांबू मोडलेला. मग विचार, पुढं जाताय का? माझ्या टेबलावर ह्या ठिकाणी सगळे गप्प होतात.

वडगावची विझार्ड
काका, लाँग रेस्टचं, म्हणजे स्पेल परत मिळवून देणाऱ्या झोपेचं, राहिलं. आमच्यात उघड्यावर झोपलं तर लाँग रेस्ट मिळत नाही, डोक्यावर छप्पर किंवा ओळखीची वाडी लागते. मग तो पडका बुरूज गाठायला सगळे धावतात. डीएमच्या पुस्तकात सात दिवसांच्या लाँग रेस्टचा पर्याय आहे, पण तळघरात उतरल्यावर तो जाचतो. काहीही लाव, पण आधी विचारून लाव. आमच्या डीएमनं कॅम्पेनच्या, म्हणजे चालू गोष्टीच्या, मधेच, न सांगता लावलं. माझी विझार्ड, म्हणजे जादूगारीण, चार दिवस एका स्पेलावर फिरली. अजून राग आहे माझा.

टिळकवाडीचा डीएम
काका, काल धार आणि ओढा करून बघितलं. पाऊण तास नुसती भांडणं, मोबाईल कुणी काढला नाही. छपराचा नियमही विचारून घेतला, तीन विरुद्ध एक. पण रेंजरनं पुस्तक उघडून दाखवलं, जंगल हा त्याचा निवडलेला प्रदेश, तिथं जादू सोडली तर पार्टी वाट चुकतच नाही. आता?

जांबोटी रोड
चुकवू नकोसच. ते त्याच्या हक्काचं आहे. पान पाण्यात सोडायचं काम त्याला दे. कुठला ओढा कुठं जातो ते त्याला आधीच सांगून टाक. मग जवळच्या ओढ्याला राक्षसांची वस्ती ठेव आणि लांबच्याला दोन दिवस जादा. कुठनं जायचं ह्यावर भांडू देत.

टिळकवाडीचा डीएम
वस्ती आहे हे आधी सांगू की तिथं पोचल्यावर?

जांबोटी रोड
आधी. वाटेत भेटलेल्या गवळ्याच्या तोंडून. तो खरं बोलतोय का, ते तुझं तू ठरव.