आई बाप्तिस्म्याविना गेली. मी बाप्तिस्मा घ्यावा का?

प्रश्नकर्ती, पुणे

नमस्कार. गेल्या आषाढात माझी आई गेली. शेवटचे अकरा दिवस ती रुग्णालयात होती. उशाखाली तुळशीची माळ आणि ओठांवर विठ्ठलाचे नाव, एवढेच तिच्यापाशी उरले होते. त्याआधीपासूनच मी एका मैत्रिणीबरोबर रविवारच्या उपासनेला जात आहे आणि ख्रिस्तावर माझा विश्वास बसला आहे, असे मी मनापासून म्हणू शकते. बाप्तिस्म्याची तयारी झाली की सांगा, असे पाळकसाहेब म्हणाले आहेत. मात्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील सहाव्या वचनापाशी, येशूद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही या शब्दांपाशी, मी दर वेळी अडते. मी होकार दिला तर आई बाहेरच राहिली, यावर मीच सही केल्यासारखे होईल का? दुसरी शंका अशी की, आई गेल्यापासून मला मरणाची भीती वाटू लागली आहे. मग हा विश्वास आहे की नुसती भीती?

नगरकर

ताई, आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती आहेत, त्यामुळे तुमच्यासारखी निवड मला करावी लागली नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याचे वजन तुम्हाला ठरवता येईल.

पहिल्या शंकेकडे आधी येतो. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःचे मन वळल्यावर. नवऱ्याचा विश्वासही त्यांच्या वतीने पुरेसा ठरला नाही. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही, तसा तो दुसऱ्याच्या विरोधातही घेतला जात नाही. तुमच्या होकारात फक्त तुमचे नाव असेल. भीतीबद्दल म्हणाल तर येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला तो गुन्हेगार मरता मरता येशूकडे वळला, आणि तू भीतीपोटी आलास की प्रेमापोटी, असे येशूने त्याला विचारले नाही.

माझे आजोबा पाळक होते. मृत माणूस कुठे गेला, असे दफनाच्या वेळी कोणी विचारले की ते मूठभर माती हातात घेऊन थोडा वेळ गप्प उभे राहत आणि मग बायबलमधला अब्राहामाचा प्रश्न म्हणत: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? याच्या पुढे ते कधी गेले नाहीत, आणि मीही जाणार नाही.

वसईकर

मी कॅथलिक आहे, आणि आमच्या ख्रिस्तसभेने या बाबतीत थोडे अधिक स्पष्ट बोलून ठेवले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, नोव्हेंबर 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयीचे जे संविधान जाहीर केले, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि त्याच्या कृपेने सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. याने योहानाचे वचन रद्द होत नाही. जो कोणी पित्याकडे पोहोचतो तो ख्रिस्ताच्याच कृपेने पोहोचतो, मग त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो.

माझ्या सासूबाई हिंदू होत्या. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमचे सारे गाव दफनभूमीत असते. त्यांची कबर नाही, म्हणून गेली नऊ वर्षे त्यांच्या नावाची मेणबत्ती मी माझ्या आजोबांच्या कबरीच्या कडेला, वाऱ्याने विझू नये म्हणून नारळाच्या करवंटीत लावतो. फादरांनी मला कधी अडवले नाही.

नगरकर

वसईकरांच्या भावनेचा मी आदर करतो, परंतु मृतांसाठी प्रार्थना करण्याची आम्हा प्रोटेस्टंटांची रीत नाही, हे सांगायला हवे. आम्ही त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि तिथेच थांबतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. आपल्याकडे मरणाविषयी बोलताना आत्मा अमर आहे, देह म्हणजे जुने वस्त्र, असे सहज म्हटले जाते. ख्रिस्ती आशा वेगळी आहे. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असे म्हणतो, आणि प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पेरलेला दाणा नव्या रूपात उगवतो, असे उदाहरण देतो. म्हणजे ज्या हातांनी आईने तुम्हाला भरवले, ते हात देवाच्या दृष्टीने टाकाऊ नाहीत. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्यासाठी रडला. तेव्हा तुमचे रडणे अविश्वासाचे लक्षण आहे, असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

प्रश्नकर्ती, पुणे

आपण दोघांनी सवडीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. माझा निर्णय अजून झालेला नाही. आईची माळ माझ्या पर्समध्ये असते. पाळकसाहेबांकडे जाताना ती घरी ठेवावी की काय, अशा विचारात मी होते. रविवारी ती बरोबर नेणार आहे, आणि बाप्तिस्म्याचे बोलण्याआधी त्यांना आईविषयी सांगणार आहे.