सत्यकथन : 'आपला काय संबंध' या प्रश्नाला उत्तर

यारातीरकर : ऑस्ट्रेलियात मूलनिवासींवरच्या अत्याचारांच्या साक्षी जाहीरपणे घेणाऱ्या सत्यकथन आयोगांबद्दल 'पर्थवासी' यांनी काल लिहिले की, १८३८ साली कोणी कोणाला मारले हे आता उगाळून काय साधणार, आणि आपण तर विमानाने आलो, आपला काय संबंध. वाचून राहवले नाही. मी मुलीला घेऊन न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीकला गेलो होतो. तिथे १० जून १८३८ रोजी वसाहतीतल्या गुराख्यांनी किमान २८ विरायराय या मूलनिवासी माणसांना, ज्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे होते, दोरीने बांधून नेऊन मारले आणि प्रेते जाळली. वाटेवरच्या पाट्या वाचता वाचता मुलीने विचारले, "बांधलेले होते, म्हणजे त्यांना पळताही आले नाही?" २००० साली तिथे स्मारक झाले, तेव्हा मारणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे वंशज शेजारी उभे होते.

पर्थवासी : हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे खटला चालला, सात जण फाशी गेले. आयोगात मात्र नुसते बोलणे. आईबापांपासून तोडलेल्या मूलनिवासी मुलांवरचा १९९७ चा अहवाल झाला, २००८ साली संसदेने त्यांची माफी मागितली, तरी २०२३ च्या सार्वमतात साठ टक्के लोकांनी 'व्हॉइस', म्हणजे संसदेला सल्ला देणारे मूलनिवासींचे मंडळ, नाकारलाच. आमच्या गणेशोत्सवात अध्यक्ष इथल्या मूलनिवासी नूंगार लोकांना वंदन कागदावरून वाचतात, तेही चुकीच्या उच्चारात, आणि लगेच आरती सुरू होते. यातून कोणाचे भले झाले?

सोलापूरकर : परदेशातल्या आयोगांवर भांडण्याआधी घरचे बघा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला, आमच्या गावात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी केली आणि माणसांना रोज हजेरी द्यायला लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. माझा वर्गमित्र पारधी होता. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तरी पहिले दप्तर त्याचे उघडले जाई, आणि आम्ही गप्प बसत असू. सातवीत त्याने शाळा सोडली. त्याची साक्ष घ्यायला आजवर कोणता आयोग गेला?

पर्थवासी : विषय भरकटला.

सोलापूरकर : अजिबात नाही. राज्य तेच आणि रीतही तीच. तुम्हाला ऐकायचे नाही, एवढेच.

यारातीरकर : सोलापूरकर, तुमच्या मित्रासाठीच मी सत्यकथनाच्या बाजूचा आहे. पर्थवासी, मायल क्रीकचा खटला हा अपवाद होता, आणि तिथेही पहिल्या ज्यूरीने अकराही आरोपी सोडले होते. तुमच्या घरापासून तासाभरावर पिंजारा आहे. तिथे १८३४ साली गव्हर्नर स्टर्लिंग स्वतः नूंगारांवर हल्ला घेऊन गेला. गव्हर्नरवर खटला कोण भरणार? जिथे न्यायालय पोहोचले नाही, तिथे आयोगच पोहोचू शकतो. व्हिक्टोरिया राज्यात यूरूक या सत्यकथन आयोगापुढे २०२४ साली खुद्द प्रीमियर, म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्री, साक्षीला बसल्या, आणि २०२५ मध्ये तिथे मूलनिवासींशी कराराचा कायदाही झाला.

पर्थवासी : पिंजाऱ्याचे मला ठाऊक नव्हते, हे मान्य करतो. स्टर्लिंग हायवेने मी अकरा वर्षे कामावर जातो आहे. तो स्टर्लिंग कोण, हे कधी विचारले नाही. करदात्यांच्या पैशातून आयोग नेमणे मात्र मला अजूनही पटलेले नाही.