‘आय बर्न्ट माय हँड’ : हात भाजला की हात जाळला?

जुना मास्तर
इंग्रजीच्या तासाला भाजणं, शिजवणं आणि दुखापत यांच्या क्रियापदांची एक यादी मुलांकडून हमखास घोकून घेतली जाते. बर्न, स्कॅल्ड, सिंज, स्कॉर्च. मग बॉइल, फ्राय, रोस्ट, बेक. शेवटी हर्ट, इंज्युअर, वूंड. माझं स्पष्ट मत: ही यादी बंद करा. पोरांचं घोडं शब्दांपाशी अडतच नाही, कर्त्यापाशी अडतं. आपण म्हणतो हात भाजला, पाय मोडला, बोट कापलं. कर्ता कोण? हात, पाय, बोट. आपण नामानिराळे! इंग्रज म्हणतो आय बर्न्ट माय हँड, ही ब्रोक हिज लेग. अपघात असला तरी कर्ता माणूसच. मुलं त्याचं भाषांतर करतात, ‘मी स्वतःचा हात जाळला’. आणि इंग्रजीत लिहायला सांगितलं की ‘माय हँड बर्न्ट’, म्हणजे हाताने पेटच घेतला. अशा मुलाला स्कॅल्ड पाठ असून काय उपयोग?

परिचारिका, सध्या इंग्लंड
अजिबात पटलं नाही. इकडे आरोग्यसेवेच्या माहितीपत्रकांवर मथळाच ‘बर्न्स अँड स्कॅल्ड्स’ असतो. ज्वाळेने, तव्याने, इस्त्रीने भाजलं तर बर्न. उकळतं पाणी, चहा, कुकरची वाफ यांनी पोळलं तर स्कॅल्ड. आपल्याकडून नव्याने आलेल्या मुली सगळ्याला बर्न म्हणतात आणि मग ‘कशाने?’ हा प्रश्न ठरलेला. शब्द पाठ असता तर तो वाचला असता.

खरपूस
ताई, पण उपाय तर दोन्हींवर एकच ना? 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मग शब्द दोन असून फरक काय पडला?

परिचारिका, सध्या इंग्लंड
पडतो. चहा सांडलेला सदरा उष्णता धरून ठेवतो, तो ताबडतोब उतरवायचा. आगीत कापड कातडीला चिकटलं असेल तर ते ओढायचं नाही. फोनवर एका शब्दात हे निम्मं समजतं.

खरपूस
ठीक, हा मुद्दा तुमचा. आता मास्तरांकडे वळतो. मराठीत माणूस नामानिराळा राहतो म्हणता, मग ‘कशाला हात भाजून घेतलास?’ हे काय आहे? ‘गाडीवरून पडला आणि पाय मोडून घेतला’ हे तर गावभर ऐकू येतं. तिथे कर्ता माणूसच आहे आणि पाय कुणी मुद्दाम मोडलेला नाही. वर्गात ‘आय बर्न्ट माय हँड’ला ‘मी हात भाजून घेतला’ असं सांगा, संपला घोळ. उगाच इंग्रजी परकी करून ठेवायची.

जुना मास्तर
संपत नाही हो. ‘घेतला’मध्ये ठपका आहे. आई ओरडताना म्हणते ‘भाजून घेतलास’. डॉक्टरांना सांगताना तीच म्हणते ‘हात भाजलाय याचा’. इंग्रजीत दोन्हीकडे तेच वाक्य चालतं, ठपका नाही आणि सुटकाही नाही. तुमच्या पद्धतीने शिकलेल्या पोराला प्रत्येक इंग्रज जखमी माणूस बेजबाबदार वाटेल.

न्यू जर्सीची काकू
तुम्ही व्याकरणात अडकलात, मला स्वयंपाकघराचं पडलंय. यादी हवीच! इथल्या ओव्हनच्या बटणावर ‘ब्रॉइल’ लिहिलेलं असतं. वरून कडक आच देणं म्हणजे ब्रॉइल; ब्रिटिश लोक त्यालाच ग्रिल म्हणतात, आणि अमेरिकेत ग्रिल म्हणजे खालून आच. आपण तर फोडणीच्या वरणालाही दाल फ्राय म्हणून मोकळे. जुन्या पावाच्या कृतीत ‘दूध स्कॅल्ड करा’ असतं. म्हणजे उकळी फुटायच्या जरा आधी, साधारण 82 अंश सेल्सिअसला उतरवायचं. नुसतं ‘पोळणे’ पाठ करून आलेली पोरगी दूध हातावर ओतून घेईल.

कोर्टातला भाषांतरकार
मी रोज जबाबांचं इंग्रजी करतो, म्हणून बोलतो. ‘ती जळाली’ आणि ‘तिला जाळली’, मराठीत एका कान्याचा खेळ आणि त्यावर कुणाचा तरी जन्म अवलंबून. इंग्रजीत दोन्हीकडे बर्न. नुसतं ‘शी वॉज बर्न्ट’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही स्टोव्ह भडकला की कुणी काडी लावली. म्हणून तिथे क्रियापदच बदलावं लागतं: ‘कॉट फायर’, ‘वॉज सेट ऑन फायर’, स्वतःला पेटवून घेतलं असेल तर ‘सेट हरसेल्फ ऑन फायर’. 1986 साली दंडविधानात हुंडाबळीचं 304-ब हे कलम आलं, त्यात ‘बर्न्स ऑर बॉडिली इंज्युरी’ असे शब्द आहेत. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तेच कलम 80. तेव्हा मास्तर, कर्ता महत्त्वाचा हे खरं, पण तो सापडतो अशा नेमक्या शब्दप्रयोगांतूनच. ते मुलांना कोण देणार?

खरपूस
त्याच दंडविधानाच्या कलम 324 मध्ये दुखापतीची साधनं मोजताना ‘आग किंवा कोणताही तापवलेला पदार्थ’ असं सरळ म्हटलं होतं. स्कॅल्डचं नाव नव्हतं. कायद्याला बारीक क्रियापदाची गरज वाटली नाही आणि आठवीच्या पोराला वाटावी?

कोर्टातला भाषांतरकार
कलम सगळ्यांना पुरेल असं ऐसपैस लिहावंच लागतं. जबाबाला ती मोकळीक नाही.

वाचनमात्र
एवढी चर्चा झालीच आहे तर सांगा. मुलीचा उद्या पेपर आहे. ‘चहाने माझी जीभ पोळली’ याचं काय लिहायचं? आणि बातमीतल्या ‘जखमी’ला इंज्युअर्ड की वूंडेड?

परिचारिका, सध्या इंग्लंड
अपघात असेल तर इंज्युअर्ड. गोळी, चाकू, हल्ला असेल तर वूंडेड. आणि जिभेला स्कॅल्डेड लिहू दे, शोभून दिसेल.

जुना मास्तर
‘आय बर्न्ट माय टंग.’ इंग्रज लोक बोलताना असंच म्हणतात. स्कॅल्डेड लिहिलं तरी गुण कापायचं कारण नाही, पण सुरुवात ‘आय’ने. ‘माय टंग’ने सुरुवात केली तर मी तरी गुण कापेन.

न्यू जर्सीची काकू
कापा खुशाल. पण पोरीला आधी चहा बशीत ओतून प्यायला शिकवा.