काळ्या मातीत ब्लूबेरी नकोच

ताई, अंगणात खड्डा करून शेणखत घालून रोप लावू का, असं विचारलंत. संत्र्याला चाललं असतं, ब्लूबेरीला नको. तिला ४.५ ते ५.५ सामू (pH, आकडा कमी तितकी माती आंबट) लागतो आणि आपली नागपूरची काळी माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. मी पहिलं रोप अस्संच जमिनीत लावलं. महिनाभरात कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असतं, पण अशा सामूला मुळांना ते घेता येत नाही.

दुसरं रोप मोठ्या कुंडीत आहे. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाइनची साल, थोडं पर्लाइट (हलके पांढरे दाणे). बागेतली माती चिमूटभरही नाही. मुळं केसासारखी बारीक आणि वरवर पसरणारी, त्यामुळे खोल पुरू नका. वर सालीचा तीन बोटं थर द्या. खत अमोनियम सल्फेट, तेही अगदी थोडं.

खरी गोम पाण्यात आहे. बोअरचं जड, क्षारांचं पाणी हळूहळू सामू चढवतं. मी पावसाचं पाणी ड्रमात साठवते, ते संपलं की बोअरच्या पाण्यात सायट्रिक अॅसिड घालून सामूच्या पट्टीने तपासते. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पहिल्या वर्षी फुलं खुडायचीच. जीव तुटतो, पण मुळं धरतात. रोप कमी थंडीवर फुलणाऱ्या जातीचंच घ्या. मे महिन्यात दुपारी हिरवी जाळी हवीच, नाहीतर बाप्पा, दोन दिवसांत काड्या!