पिल्लं आली, खुराडं अजून अर्धंच – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातून लिहितोय. गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची एक दिवसाची 20 पिल्लं आणली, आज ती नऊ दिवसांची झाली. परसातलं खुराडं मात्र जोत्यापर्यंतच आलंय. चिरे रचले आणि गवंडी रोप लावणीला गेला.

सध्या पिल्लं सोप्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत. खाली भाताचा तूस, वर 60 वॅटचा बल्ब. पहिल्या आठवड्यात 35 अंश ठेवलं, आता 32 वर आणलंय. पण इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, करंट गेला की तासन्‌तास येत नाही. परवा रात्री सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली, सकाळी खालचं एक गार पडलेलं. आईनं ते ओंजळीत धरून कितीतरी वेळ फुंकर घातली. तसं पुन्हा व्हायला नको.

करंट नसताना ऊब कशी द्यायची? बंद सोप्यात कोळशाची शेगडी ठेवायला भीती वाटते. लासोटा (राणीखेत रोगाची लस) सातव्या दिवशी दिली, गंबोरो रोगाची लस चौदाव्याला देणार आहे.

आणि खुराड्यात खाली कोबा करू की दोन फूट उंचावर फळ्या ठोकू? मुंगसं फार आहेत, जाळीखालून उकरून आत येतात. आपल्या पावसात ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांनी जरूर सांगा.